बहिरीची पाठवणी

मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्याने जाऊन वीस वर्षं झाली होती, पण खैरगावच्या भैयाजींना ती बातमी कुणी नीट समजावून सांगितली नसावी. समुद्रपूरहून येणारी एस.टी. अजूनही त्यांच्या दारासमोर थांबे. गावात कुणाची गाय व्याली तर खरवस आधी त्यांच्याकडे जाई. आणि अण्णाजींचं मातीचं घर ज्या जागेवर उभं होतं ती जागाही, भैयाजींच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांचीच होती. भैयाजींनी म्हटलं म्हणजे झालं, पुढे पुरावा मागायची गावात रीत नव्हती.

अण्णाजी म्हणजे बहिरीवाले अण्णाजी. भैयाजींच्या वडिलांच्या काळी शिकारी पक्षी सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. साहेब लोक तितराच्या शिकारीला येत, तेव्हा मुठीवर बहिरी ससाणा घेऊन अण्णाजी सगळ्यांच्या पुढे चालत. पुढे साहेब गेले, म्हातारे मालगुजारही गेले, पण अण्णाजींचं वेड काही गेलं नाही. दरवर्षी दसरा झाला की उत्तरेकडून बहिरी ससाणे गावच्या तळ्यावर उतरत आणि अण्णाजी घोड्याच्या केसांचे फास लावून त्यातली एक मादी धरत. मादीच, कारण या जातीत नर तिच्यापुढे अगदीच किरकोळ. ही गोष्ट सांगताना अण्णाजींची लेक कोकिळा समोरच्या पुरुषाकडे जरा जास्तच वेळ बघत असे.

एकाहत्तर सालची बहिरी मात्र अण्णाजींनी धरली नाही, कोकिळेने धरली. पोळ्याच्या सुमाराला अण्णाजींचा उजवा हात वाऱ्याने गेला होता, आणि बहिरी बसते ती उजव्याच मुठीवर. कोकिळा तिशीची. कारंज्याला दिली होती. तिथून एका सकाळी उठून, पिशवी उचलून, एस.टी.ने परत आली होती. का आली ते तिने सांगितलं नाही आणि दुसऱ्यांदा विचारायची कुणाची छाती झाली नाही. तिने बापाचा चामडी हातमोजा घातला, पक्षी मुठीवर घेतला आणि सरळ गावात निघाली.

बाईमाणसाने बहिरी हातावर घ्यायची, हे गावाने कधी पाहिलं नव्हतं. शेजारची मनकर्णाबाई तर तोंडाला पदर लावून म्हणाली, "आता काय पोरी मिशाही लावशीन का?"

"मिशा हिले हायेत नं," कोकिळेने पक्ष्याकडे बोट केलं. "दोघींत एकीच्या पुरे."

आणि होत्याच. बहिरीच्या डोळ्यांखाली दोन काळे कल्ले उतरलेले असतात, भैयाजींच्या मिशांपेक्षा झोकदार. पाठ पावसाळी ढगाच्या रंगाची, नजर अशी की माणसाने आपणहून वाट द्यावी. कोकिळेने तिला पिठाच्या गिरणीत नेलं, चहाच्या हॉटेलात नेलं, एस.टी.च्या थांब्यावर हॉर्नच्या आवाजात तासन्‌तास उभं केलं. पक्षी माणसाळवायची हीच पद्धत. त्याला गर्दीत वागवायचं, हाताने भरवायचं, आणि अर्धपोटी ठेवायचं. भूक आहे तोवर बहिरी हाकेसरशी आभाळातून मुठीवर परत येते; हाक अजून अण्णाजीच मारत. पोट भरलं की तिला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं.

तिला नाव ठेवायचं नाही, असा या घरचा नियम होता. चार-पाच महिन्यांची पाहुणी, तिला नाव कशाला? अण्णाजी नुसतं ‘बाई’ म्हणत. आणि फाल्गुनात, होळीच्या आधी, तिची पाठवणी होई. अण्णाजी तिला स्वतःच्या हाताने पोटभर भरवत, इतकं की गळ्याखालची पिशवी लिंबाएवढी फुगे. मग पायातल्या चामड्याच्या वाद्या कापत आणि मूठ वर करत. ती उत्तरेला आपल्या मुलखाला निघून जाई. एकही बहिरी त्यांनी उन्हाळ्यात ठेवली नव्हती. थंड मुलखातला जीव तो, वर्ध्याच्या वैशाखात धापा टाकून मरतो.

बहात्तरच्या फाल्गुनात भैयाजींच्या लेकीचं, सुमित्राचं लग्न निघालं. व्याही नागपूरचे प्रभाकरराव, संत्र्यांचे मोठे व्यापारी. त्यांच्या दिवाणखान्यात पेंढा भरलेला वाघ होता, आणि आता त्यांना जिवंत काहीतरी हवं होतं. भैयाजींनी अण्णाजींना ओसरीसमोर बोलावून घेतलं.

"अण्णा, वरातीसमोर बहिरी उडवाची. मंग थे आंदनात देऊन टाकाची. व्याह्यांनी पिंजराबी बनवून आनला."

अण्णाजींचा चालता हात न चालत्या हाताला कुरवाळू लागला. "भैयाजी, आंदन म्हंजे... तिच्या जायाचे दिस आले. उन्हाळ्यात जगनार नाई थे."

"मंग मरन. पाखरूच हाय. आन् अण्णा, घराची जागा कोनाची हाय, हे तुले सांगा लागते का?"

सांगायला लागत नव्हतं. अण्णाजी मान हलवून घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. कोकिळेला त्यांचा राग आला आणि त्या रागापेक्षा मोठी दया आली, आणि दया आली म्हणून पुन्हा राग आला.

"तुमी हो म्हनलं?"

"म्या कोन नाई म्हननारा? पन्नास वर्सं त्यायचंच खाल्लं. हातात दम नाई, डोक्यावर छप्पर नाई राह्यलं त तुले घेऊन कुठं जाऊ? देल्लं तिथं जाते पाखरू, कोकी. कोनीबी जाते."

"मलेबी देल्लं होतं," कोकिळा म्हणाली. "म्या काय केलं?"

अण्णाजींनी तोंड पुन्हा भिंतीकडे फिरवलं. लग्नाच्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी तिच्यापुढे चक्क हात जोडले, एकच हात कपाळाला लावून. "माय, आज तेवढं ऐक. उडव, मुठीवर घे, आन् देऊन टाक." कोकिळेने बहिरीच्या डोळ्यांवर टोपी चढवली, फडक्यात मांस बांधलं आणि निघाली. फडकं रोजच्यापेक्षा जड होतं. ते अण्णाजींनी उचलून पाहिलं असतं तर त्यांना तिथेच कळलं असतं.

मांडवाबाहेरच्या मोकळ्या रानात सतरंज्या अंथरल्या होत्या. बँडवाले घाम पुसत थांबले होते. खुर्च्यांवर भैयाजी आणि प्रभाकरराव, दोघे फेटे बांधून. मध्ये तो पितळी पिंजरा, पोपटाला मोठा आणि बहिरीला लाजिरवाणा. कोकिळा मधोमध येऊन उभी राहिली. तिने टोपी काढली, तेव्हा चारशे माणसं पाहूनही बहिरी हलली नाही. एवढी ती माणसाळली होती. कोकिळेने फडकं सोडून एक तुकडा तिला दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिने दुसरा तुकडा दिला. प्रभाकरराव कौतुकाने म्हणाले, "वा! कशी लेकरावानी खाते!"

भैयाजी हसले. तिसऱ्या तुकड्याला त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं. लहानपणी ते याच अण्णाजींच्या मांडीवर बसून पक्षी बघत वाढले होते. उडवायच्या आधी बहिरीला किती देतात, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या सगळ्या गर्दीत कोकिळा काय करते आहे हे तिघांनाच कळलं: तिला स्वतःला, मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या तिच्या बापाला, आणि भैयाजींना.

"पुरे कोकिळा," भैयाजी म्हणाले. आवाज अजून पाहुण्यांच्या लाजेखातर हळू होता.

तिने आणखी एक तुकडा दिला. बहिरीच्या गळ्याखाली फुगवटा दिसायला लागला.

"पुरे म्हनतो नं तुले!"

"पुरे कसं भैयाजी?" कोकिळा चारी बाजूंना ऐकू जाईल अशी म्हणाली. "लेक उपाशी धाडता का तुमी? आमच्या घरची पाठवनी हाय आज. पोटभर खाऊ घालतो, मंग सोडतो. आंदनात नाई देत. वाद्या लावलेलं पाखरू असो का बाईमानूस, इचारल्याबिगर कोनाच्या पिंजऱ्यात नाई देत आमी. आता नाई."

भैयाजी ताडकन उठले. "धरा रे तिले!" दोन गडी पुढे झाले. बहिरीने पंख पसरले, चोच उघडली आणि अशी किंचाळली की दोघेही जागच्या जागी थिजले. तेवढ्यात कोकिळेने कमरेचा चाकू काढून एक वादी कापली, मग दुसरी. उरलेलं मांस तिने बहिरीच्या तोंडात जवळजवळ कोंबलंच. मग मूठ आभाळाकडे झोकून दिली.

बहिरी उठली, मांडवावरून एक मोठी फेरी घेतली, आणि कोकिळेचा जीव भांड्यात पडणार एवढ्यात, खाली येऊन समोरच्या निष्पर्ण सावरीच्या शेंड्यावर बसली. चोच फांदीला पुसली. आणि मान वाकडी करून कोकिळेकडे बघत राहिली.

कोकिळेला आपली चूक तिथे कळली. पाठवणीच्या आधीचा पंधरवडा बापाच्या हातची बहिरी अंधाऱ्या खोलीत एकटी असायची. तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हातावर घ्यायचं नाही, मांससुद्धा काठीने सरकवायचं. त्याला अण्णाजी ‘परकी करणं’ म्हणत. माणसाचा लळा तुटला तरच ती जाते. पण यंदा वरातीच्या खेळासाठी कोकिळेने तिला शेवटच्या दिवसापर्यंत गर्दीत वागवलं होतं, मुठीवरून उतरवलंच नव्हतं. पोट भरलं होतं, वाद्या गेल्या होत्या, आणि तरी ती जात नव्हती. पोट भरल्यावरही कोणी आपल्यासाठी थांबेल, हे कोकिळेने धरलंच नव्हतं. जाय नं माय, ती मनातल्या मनात म्हणाली, जाय.

भैयाजींनाही ते दिसलं. ते चटकन शांत झाले; कावेबाज माणूस शांत झाला की जास्त भीती वाटते. ते खांबाजवळ गेले आणि अण्णाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"अण्णा, तुही हाक वळखते थे. मार एक हाक. या चारशे मानसांसमोर सांगतो, घराची जागा तुह्या नावावर. कायमची. पोरीचंबी माफ. नाई त आज सांजेले भांडे बाहेर."

अण्णाजी खांबापासून सुटे झाले. पाय ओढत, खाली बघत, गर्दीतून सावरीकडे निघाले. कोकिळा त्यांना आडवी गेली.

"बाबा, नका. तुमच्या पाया पडतो."

अण्णाजींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते झाडाखाली पोचले, मान वर केली आणि ओठ ओले केले. तो चेहरा बघताच वर बहिरी सावध झाली. पंजे सारखे केले, छाती पुढे काढली, डोकं वरखाली हलवायला लागली. एक हाक, की ती उतरली असती. प्रभाकररावांनी पिंजऱ्याचं दारही उघडून धरलं.

अण्णाजी वाकले. नांगरटीतलं एक ढेकूळ त्यांनी डाव्या हाताने उचललं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून वर फेकलं.

ते झाडाच्या निम्म्यातही पोचलं नाही. बहिरी नुसती एका फांदीवरून दुसरीवर सरकली आणि पुन्हा त्यांच्याकडेच बघू लागली. काहीतरी चुकतंय असं तिला वाटलं असावं. अण्णाजींनी दुसरं ढेकूळ उचललं. ते तिच्या पायाखालच्या फांदीवर फुटलं, आणि त्याबरोबर म्हातारा ओरडला. ज्वारीतली पाखरं हाकलणारा राखणदार ओरडतो तसा.

"हाऽऽड! जाय! चाल हाट! कोनाकडं पाह्यतं? कोन हाय तुहं इथं? हाऽऽड, रांडके, हाड!"

आयुष्यात एकाही बहिरीवर ते कधी ओरडले नव्हते. डोळ्यांतून धार लागली होती, नाक गळत होतं, एक हात लुळा लोंबत होता आणि दुसऱ्या हाताने ते मिळेल ते फेकत होते. माती, खडे, शेवटी पायातली चप्पल. चप्पल पंखाला घासून गेली. बहिरीने एकदाच, भ्यायलेल्या माणसासारखं, त्यांच्याकडे पाहिलं आणि फांदी सोडली. या खेपेला तिने फेरी घेतली नाही. तळ्यावरून, पळसांच्या लाल रांगेवरून ती सरळ उत्तरेला गेली, आणि कोकिळा टाचा उंचावून बघत होती तोवर दिसेनाशी झाली.

पिंजऱ्याचं उघडं दार हातात धरून प्रभाकरराव तसेच उभे होते. भैयाजी गर्दीतून वाट काढत झाडाखाली आले. त्यांचा फेटा एका बाजूला सरकला होता.

"अण्णा," ते दात खाऊन म्हणाले, "तुले समजलं का, तू काय केलं थे?"

अण्णाजींनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. पन्नास वर्षं ज्या माणसाच्या आणि त्याच्या बापाच्या पायांकडे बघून ते बोलत आले होते, त्याच्या डोळ्यांत त्यांनी पाहिलं.

"समजलं. भांडे सांजेले कायले, आत्ताच काढतो. कोकी, चाल."

भैयाजींनी त्यांची वाट अडवली. अण्णाजी मागे सरले नाहीत. त्यांच्या डाव्या मुठीत अजून एक ढेकूळ होतं, आणि ते त्यांनी खाली टाकलं नाही. भैयाजींनी त्या मुठीकडे पाहिलं, आणि बाजूला होऊन वाट दिली.