हवेचा घोट

बीकरमधलं एकही पिल्लू वर आलं नाही.

मैत्रीने गुंगीचं औषध घातलेल्या जास्त खाऱ्या पाण्यात जिताडा माशाची पिल्लं तपासायला सोडली होती. पोटातली हवेची पिशवी भरलेली असली तर ती तरंगतात. ही सगळी तळाशी जाऊन आडवी पडली, नखाएवढी.

"झोपली जनू," धर्मराजकाका तिच्या मागून म्हणाले. "मी दुपारचा झोपतो तशी."

"वर यायला हवी होती, काका."

"येतील. पोरा कवा सांगितल्याबरोबर उठतान?"

तिने टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यातली घेतली. तीही खाली गेली.

काकांचा जन्म खाडीत जाळी टाकण्यात गेला होता. खाडीत जिताडा मिळेनासा झाला, तेव्हा होडी विकून ते शिरवणे गावातल्या कारखान्यांमागच्या या मत्स्यबीजाच्या शेडमध्ये, मैत्रीच्या हाताखाली, टाक्या राखायला आले. ही त्यांच्या हातची पहिली पिल्लं. विक्री झाली की त्यांतली टबभर खाडीत सोडायची, हे त्यांनी मालकांकडून, उदयसिंहांकडून, कबूल करून घेतलं होतं. खाडीकाठच्या कुठल्या खाजणापाशी सोडायची, तेही ठरलं होतं.

"काका, मी राखीला कराडला गेले होते तेव्हा लाइट गेली होती का? वरची हवेची नळी बंद पडली होती?"

"लाइट नाय गेली. नली मीच बंद केलती."

"का?"

"पुनवेचा दिवा सोरला ना टाकीत, खाडीत सोरतो तसा. वाऱ्यानं इझला असता." काका खुशीत होते. "चांगला चार-पाच दीस तेवत ठेवला, तेल घालून घालून. दोनदा कलंडला, परत लावला. पयली पोरा हायत, देवाला सांगाया नको?"

त्या नळीचा वारा पाण्यावरची तेलकट साय एका कोपऱ्यातल्या, तेल अडवणाऱ्या चौकटीत ढकलत राहतो. नळी बंद करायची नाही, एवढं मैत्रीने त्यांना सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं.

तिने उदयसिंहांना फोन लावून सांगितलं, की पिल्लांच्या पिशव्या भरल्या नाहीत, ती कण्यात वाकडी वाढणार.

"टाकी रिकामी कर मग," ते म्हणाले. "वाकडा मासा कोण घेणार? पण झालं कशाने?"

"पाण्यावर तेल आलं, सर. खाद्यातलं असेल."

फोन ठेवला तरी काका तिथेच उभे होते.

"खाद्यात तेल कुठला, बाय?"

ती बीकर धूत राहिली.

"तेलानं काय होतय?"

मग तिने सांगितलं. अंड्यातून आलेलं पिल्लू पहिल्या काही दिवसांत वर येतं, हवेचा घोट घेतं. त्याने पिशवी फुगते. नंतर घशापासूनची वाट बंद होते, ती कायमची. वर तेल असलं तर तोंड हवेपर्यंत पोचत नाही.

"आता त्यांना सारखं पोहतच राहावं लागतं. थांबली की खाली जातात."

"मंग खाडीत तरी..."

"खाडीत जगणार नाहीत, काका."

काका टाकीचा कठडा धरून पाण्यावर वाकले. मग विचारलं, "तेल कारतात कसा?"

"आता उपयोग नाही."

"तरी सांग."

तिने रद्दीतला कागद घेतला, पाण्यावर अलगद पसरला आणि एका कडेने उचलला. काकांनी तिच्या हातून पुढचा कागद घेतला.

मैत्री टाकीच्या तळाच्या व्हॉल्व्हपाशी जाऊन थांबली. हात ठेवला, पण पाणी सोडलं नाही.

पिल्लं शेपट्या खाली आणि तोंडं वर करून धडपडत होती. काकांनी ओला कागद दाराच्या उजेडाकडे धरून पाहिला. त्यावर तेलाचा डाग नव्हता. तो त्यांनी कठड्यावर वाळत घातला आणि दुसरा पसरला.