तिन्हींतली वेगळी वाटी

माझी बायको लोकांना खायला घालते आणि मग कसं लागलं ते विचारते. याला संशोधन म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो. माझी आईही जन्मभर लोकांना खायला घालत आली, पण कसं लागलं हे तिने कधी कुणाला विचारलं नाही. छानच झालंय, हे तीच सांगायची. सध्या या दोघी एका स्वयंपाकघरात आहेत आणि जेवताना माझी खुर्ची दोघींच्या मधली असते.

बायकोच्या प्रयोगशाळेत मी एकदा गेलो होतो. छोट्या छोट्या कप्प्यांत माणसं बसलेली, समोरच्या भिंतीत एक खिडकी आणि त्या खिडकीतून वाट्या येतात. दिवे लाल, म्हणजे रंग बघून कुणी चव ठरवू नये. वाट्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. मधूनमधून पाण्याने चूळ भरायची. अत्तर लावून आलेल्याला दारातूनच परत पाठवतात. तिची लाडकी परीक्षा तीन वाट्यांची. दोन वाट्यांत एकच पदार्थ, तिसरीत वेगळा. वेगळी वाटी ओळखायची. 'सगळं सारखंच लागतंय' हे उत्तर चालत नाही, एका वाटीवर बोट ठेवावंच लागतं. जड वाटीतलं दही जास्त घट्ट लागतं, कुरकुर मोठ्याने ऐकू आली की मऊ पडलेलं बिस्कीटही ताजं लागतं, असल्या गोष्टी ती शोधून काढते. माणूस जिभेपेक्षा डोक्याने जास्त खातो, असं तिचं म्हणणं.

"मग डोकंच शिजवून घाल की त्यांना," आई म्हणाली होती.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. मला फार बरं वाटलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझे पुढचे उद्योग बघून ते कुणाला खरं वाटणार नाही. भांडण पेटलं टोमॅटोच्या सुपावरून. बायको मीठ वजन करून घालते, आई हाताला येईल तेवढं. त्या शनिवारी बायकोने आईचं सूप चाखलं आणि म्हणाली, "छान आहे हो आई, फक्त मिरपुडीने टोमॅटो झाकून टाकलाय."

आईने पळी खाली ठेवली. "मी आपली थोरल्याकडे जाते. तिथे माझ्या हातचं मुकाट्याने खातात."

मुकाट्याने खातात हे खरंच. दादा-वहिनी फोनमध्ये डोकं घालून जेवतात, ताटात पायपुसणं वाढलं तरी खातील. दिवसभर तर घरात कुणीच नसतं. तिथे आई खिडकीशी एकटी बसून राहणार. तिने जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

बायकोचाही चेहरा उतरला. पण ती शास्त्रज्ञ पडली, तिला माफी मागण्याऐवजी प्रयोग सुचला. "आई, असं करू. उद्या तुम्ही सूप करा, मीही करते. तीन वाट्या. जिला वेगळी वाटी ओळखता येईल, स्वयंपाकघर तिचं. मी हरले तर तुमच्या मिरपुडीबद्दल ब्र काढणार नाही."

"आणि मी हरले तर सोमवारी थोरल्याकडे," आई म्हणाली. "पण हरतेय कशाला? स्वतःचं पोर ओळखायला कसली आलीय परीक्षा!"

"दोघींना ओळखता आलं तर?" मी घाईघाईने विचारलं.

"तर एक दिवस ती, एक दिवस मी," आई म्हणाली. "पण तसं व्हायचं नाही."

आता वाट्या भरायला कुणीतरी तिसरं माणूस हवं होतं. दोघींनी एकदमच माझ्याकडे बघितलं.

मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतो. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत विचारतो, "हे बरं की हे बरं?" कधीकधी, खरं सांगायचं तर कंटाळा आला की, मी भिंग काढतो आणि तेच परत लावतो. गिऱ्हाईक हटकून सांगतं, "हे दुसरं! हे एकदम स्वच्छ!" ते आठवलं आणि वाट सापडली. तिन्ही वाट्यांत एकच सूप घालायचं. दोघी कुठेतरी बोट ठेवणार, मी दोघींना पास करणार, आई राहणार.

पण सूप कुणाचं? आईच्या पातेल्यातलं घ्यावं तर बायकोशी दगा, बायकोच्या पातेल्यातलं घ्यावं तर आईशी. इकडे आड, तिकडे विहीर. दुकानातल्या माझ्या खणात पाकिटातल्या सुपाची पावडर होती. ती मी खिशात घालून आणली.

रविवारी दुपारी दोघींची पातेली शेगडीवर झाकून तयार होती. घरभर टोमॅटोचा घमघमाट सुटलेला, त्यामुळे पाकिटाचा वास कुणाच्या बापाला कळणार नव्हता. दोघींना बाहेर बसवलं. बायकोने पडदे ओढून लाल दिवा लावला. मी किटलीत पाणी उकळलं, पावडर कालवली, आकडे घातलेल्या सहा वाट्या भरल्या आणि प्रत्येकीपुढे तीन-तीन मांडल्या.

आईने चूळ भरली, तिन्ही वाट्यांतला एक-एक घोट घेतला आणि मधल्या वाटीवर हात ठेवला. "ही माझी. बाकीच्या दोन तिच्या. मोजूनमापून केलेल्या, जीव म्हणून नाही त्यांत. पण हिच्यात..." तिचा आवाज जड झाला. "हिचा घोट घेतला आणि तुझे बाबा आठवले रे."

बायकोने डोळे मिटून प्रत्येक वाटीवर नाक नेलं. "तिसरी वेगळी. ती आईंची. मिरपूड जिभेच्या मागे रेंगाळते बघ. पहिल्या दोन माझ्या. टोमॅटो कसा स्वच्छ लागतो!"

"दोघी बरोबर!" मी ओरडलो. "दोघींपुढच्या वाट्यांचा क्रम मी वेगवेगळा ठेवला होता. एक दिवस तू, एक दिवस ती!"

आई प्रसन्न झाली. बायकोही हसली. तेवढ्यात आई उठली. "मग आता पोटभर घ्या. माझंच वाढते आधी."

ती स्वयंपाकघरात शिरली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सहा वाट्या सूप काढल्यावर पातेल्यांतलं सूप कमी व्हायला हवं होतं. आईने एक झाकण उचललं, मग दुसरं. दोन्ही पातेली काठोकाठ भरलेली, वर साय धरलेली. बायको मागोमाग गेली आणि तिने सरळ कचऱ्याचा डबा उघडला. फाटलेलं पाकीट दोन बोटांत धरून तिने वाचलं, "कृत्रिम टोमॅटो स्वाद."

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

"तू जाऊ नयेस म्हणून केलं गं," मी म्हणालो. "कुणीच हरू नये म्हणून. तू गेलीस तर मला करमायचं नाही."

आईने पाकिटाकडे बघितलं. "म्हणजे मला याच्यात ह्यांची आठवण आली?"

"आणि माझा टोमॅटो स्वच्छ होता!" बायको म्हणाली आणि तिला हसू फुटलं. मग आईलाही. ओट्याला धरून दोघी इतक्या हसल्या की आईला ठसका लागला आणि बायको तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"नियमाप्रमाणे आपण दोघीही हरलो, आई," डोळे पुसत बायको म्हणाली.

"मग स्वयंपाकघर कुणाचं?"

दोघींनी वळून माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचं मी करतो. त्या दोघी टेबलाशी शेजारी शेजारी बसतात. एक म्हणते पातळ, दुसरी म्हणते अगदी पाणी. एक म्हणते करपलं, दुसरी म्हणते खालीच नाही, वरूनसुद्धा. त्यांचं एकमत झालेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकतोय.

परवा दादाचा फोन आला, आई येतेय का विचारायला.

"नाही रे, येत नाही," आई म्हणाली. "मला इथे नोकरी लागलीय. पगार कसला आलाय, याने केलेलं चाखायचं आणि नावं ठेवायची. सून म्हणते, एका जिभेवर विश्वास ठेवता येत नाही, निदान दोन तरी लागतात." मग पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "हा? छे रे! भयंकर करतो!" हे ती इतक्या आनंदाने म्हणाली की मी मुकाट्याने करपलेलं पातेलं घासायला घेतलं.