स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे

सासऱ्यांनी गाडीच्या दोन्ही बाजूंना विटा रचल्या, तेव्हाच सुनेने त्यांना अडवलं.

"बाबा, विटा कशाला? कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडून लोखंडी स्टँड मागून आणते. लगेच देईल तो."

"अगं, विटांवर अख्खं घर उभं राहतं. ही तर नुसती गाडी," ते म्हणाले आणि जॅकचा दांडा दाबत राहिले.

गाडी त्यांच्या लग्नाच्याही आधीची. लांबलचक, गडद हिरवी, नाकाशी जड. सासरे आयुष्यभर कारखान्यात लेथवर होते आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस या गाडीपाशी. सासूबाई तिला सरळ 'माझी सवत' म्हणायच्या. आता सासऱ्यांच्या बोटांत पूर्वीचा जोर उरला नव्हता आणि मुलगा कामासाठी बाहेरगावी असायचा, म्हणून गाडी सूनच चालवायची. तिला ती आवडायचीही. कालपर्यंत.

काल ती सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घरी आणत होती. उतारावरच्या वळणाला स्टिअरिंग एकाएकी दगडासारखं जड झालं. समोरून पाण्याचा टँकर येत होता. तिने दोन्ही हातांनी, खांद्याचा जोर लावून चाक ओढलं. टँकर खिडकीला चाटून गेला म्हणावं, इतका जवळून गेला. सासूबाईंच्या डोळ्यांत औषध होतं. त्या पापण्या मिटूनच म्हणाल्या, "किती गं धक्के देतेस."

घरी तिने फक्त स्टिअरिंग जड लागतंय एवढंच सांगितलं.

सकाळी शेडमध्ये गाडीखाली लाल तेलाचं थारोळं दिसलं. सासऱ्यांनी त्यात बोट बुडवून वास घेतला. "स्टिअरिंगच्या पंपाचं तेल आहे. तेल संपलं की पंपाला जोर नाही आणि जोर नाही की सगळा भार तुझ्या मनगटावर. कुठून गळतंय ते शोधू."

त्यांनी पंप, पाइप, सगळं फडक्याने कोरडं पुसलं आणि पंपाच्या डबीत नवं तेल ओतलं. पण गळतीची जागा इंजिन चालू असताना, दाब आल्यावरच कळणार होती. म्हणून त्यांनी तिला गाडीत बसवलं आणि स्वतः तिच्या दाराच्या बाजूने, पुढच्या चाकामागून पाठीवर सरकत खाली गेले. तिला त्यांचे कॅनव्हासचे बूट आणि पायजम्याच्या कडा तेवढ्या दिसत होत्या.

"चालू कर. आता हळूहळू डावीकडे. हां. आता पूर्ण उजवीकडे, आणि तिथेच दाबून धर."

पंप विव्हळायला लागला. चाकं हवेत वळली तशी गाडी किंचित डोलली.

"सापडलं," खालून आवाज आला. "पंपातून निघणारा पाइप जोडाशी चिरलाय. अजून थोडं धर, बघू दे."

तिने धरलं. पलीकडच्या बाजूच्या विटांत काहीतरी करकरलं, भाजलेला टोस्ट दातांखाली मोडावा तसं, आणि गाडीचं नाक त्या अंगाला धाडकन खाली गेलं. जॅक फरशीवर आडवा पडला.

तिने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"बाबा?"

बुटांचे शेंडे बाहेरच्या बाजूला कलंडलेले होते.

"बाबा, बोला ना."

खालून खोकला आला. "आहे मी. खांदा दबलाय. पलीकडचं चाक जमिनीला टेकलं म्हणून बरं." थांबून, दम घेऊन ते म्हणाले, "तू उतरू नकोस. तुझ्या बाजूच्या विटा हलतायत. मला दिसतायत."

एक पाय दाराबाहेर काढलेला, तशीच ती गोठली. तिच्या बाजूच्या विटा सुटल्या तर गाडी सासऱ्यांच्या पोटावर येणार होती. आणि त्या विटांवर तिचंही वजन होतं. श्वास जोरात घ्यायचीही तिला भीती वाटू लागली.

तेवढ्यात तिला जळका वास आला. चिरलेल्या पाइपातलं तेल इंजिनाच्या तापलेल्या धुराच्या नळीवर टपकत होतं, आणि प्रत्येक थेंबासरशी उघड्या बॉनेटखालून पांढरा धूर वर येत होता.

"आई," तिने हाक मारली. "आई, बाहेर या."

सासूबाई हात पुसत दारात आल्या. त्यांनी आधी धूर बघितला, मग बूट. क्षणभर त्यांनी चौकट घट्ट धरली.

"आई, भिंतीपाशी जादाचं चाक आहे. ते आडवं करून बाबांच्या पायांशेजारी, गाडीच्या कडेखाली सरकवा. गाडीला धक्का लावू नका."

"मला धड दिसत नाही गं."

"मी सांगते तसं करा."

सासूबाईंनी ते चाक गडगडत आणलं, आडवं केलं, आणि जमिनीवर बसून दोन्ही पायांनी आत ढकललं. "थोडं उजवीकडे," सून सांगत होती. "अजून. अजून थोडं. बस." गाडीची कड आणि चाक यांच्यात हाताचा पंजा मावेल एवढीच फट राहिली.

आता सून उतरली. इंच इंच करत, दाराची चौकट न धरता. पाय जमिनीला टेकला तेव्हा एका विटेतून लाल भुकटी झरली. गाडी थांबून राहिली.

तिने अंगणातल्या दोरीवरची ओली चादर ओढली आणि धुराच्या नळीवर टाकली. फस्स असा आवाज झाला आणि धूर आणखीच दाटला, पण ज्वाळा दिसली नाही. मग ती धावत सुटली, अनवाणी, समोरच्या शिंप्याकडे. त्याच्याकडे माल पोचवायची व्हॅन होती.

"जॅक द्या. बाबा गाडीखाली अडकलेत."

शिंप्याने मशीनवरचं कापड तसंच टाकलं.

ती दोघं परतली, तेव्हा सासूबाई नवऱ्याचं पाऊल दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या आणि त्यांना सारखं बोलत होत्या. "म्हणे विटांवर घर उभं राहतं. घराखाली जाऊन कोणी झोपतं का? ऐकताय ना? बोला काहीतरी."

"ऐकतोय," सासरे म्हणाले. मग फार बारीक आवाजात, "अगं, मला भीती वाटतेय."

लग्न झाल्यापासून सुनेने त्यांच्या तोंडून हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी पाऊल आणखी घट्ट धरलं. "वाटू दे. मी इथेच आहे."

शिंप्याने पलीकडच्या बाजूला जॅक लावला आणि गाडी बोटभर उचलली की तो थांबून विटांकडे बघायचा. दुसऱ्यांदा थांबला, तेव्हा अलीकडच्या विटा फुटल्या. गाडी खाली आली आणि त्या आडव्या चाकावर बसली.

"लागलं नाही," खालून आवाज आला. "वर घे. खांदा सुटतोय."

आणखी थोडी गाडी उचलली गेल्यावर सुनेने आणि सासूबाईंनी त्यांना पायांना धरून बाहेर ओढलं. त्यांचा चेहरा आणि गळा लाल तेलाने माखला होता. रक्त कुठलं आणि तेल कुठलं हे बघायला सून फडक्याने पुसत राहिली. सगळं तेलच होतं. गळपट्टीचं हाड मात्र मोडलं होतं.

हात गळ्यात बांधून घरी आल्यावर सासरे बरेच दिवस शेडकडे फिरकले नाहीत. गाडी भंगारात द्यावी, असं एकदा तेच म्हणाले. सून म्हणाली, "देऊ. पण आधी नीट करू. तुम्ही सांगितलात तो पाइपाचा जोड मला स्वप्नात दिसतो."

नवा पाइप आला. गॅरेजमधून लोखंडी स्टँड आले. सासऱ्यांनी एका हाताने एकेक स्टँड पुन्हा पुन्हा हलवून पाहिला, मग चाकांमागे लाकडी ठोकळे सारले, मग परत स्टँड हलवले. "जा आता," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "सांगतो मी सगळं. पण मला बघवणार नाही."

सून खाली गेली. लोखंडाचा तो काळा ढीग तिच्या नाकावर आला. तिने डोळे मिटून श्वास मोजले, मग पाना लावला. जुना पाइप निघाला, नवा बसला. सासरे भिंतीला सांगत होते, "नट आधी हाताने फिरव. आटे एकावर एक चढू देऊ नकोस."

आता तेलातली हवा काढायला कोणीतरी स्टिअरिंग फिरवायला हवं होतं. सासऱ्यांचा एक हात गळ्यात आणि दुसऱ्यात जोर नव्हता. सासूबाई पदर खोचून पहिल्यांदाच स्टिअरिंगमागे बसल्या.

इंजिन सुरू झालं. पंप आधी गुरगुरला, मग हवा निघाली तसा हळूहळू गप्प झाला. सून बॅटरी धरून जोडाकडे बघत पडून राहिली. जोड कोरडा होता. तिने बोट फिरवून पाहिलं, तरी कोरडाच. आता बाहेर यायला हरकत नव्हती, पण तिचं अंगच हलेना.

"पूर्ण उजवीकडे धरलंय गं मी," वरून सासूबाईंचा कापरा आवाज आला. "तू बाहेर आलीस की सांग. तोवर मी सोडत नाही."