घरातली भुई

विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव तोंडं फिरली होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. धोंडीबा मेंढक्यानं घर सिमेंटचं बांधायचं काढलं तेव्हा झरीच्या लोकांनी त्याची भरपूर टर उडवली. मेंढरं स्लॅबवर चढवतो का रे, म्हणून विचारायचे. हसणाऱ्यांचं काय जातं! शिवारातल्या बाभळी आणि लिंब एकेक करून मातीच्या छताच्या माळवदांच्या खांबांना, तुळयांना गेले होते. दुपारी कळप बसवायला सावली उरली नव्हती, आणि ते धोंडीबालाच सोसावं लागत होतं.

"शिमिटाला झाड लागत न्हाई," तो म्हणायचा. "दरसाल वर माती टाकायची न्हाई, खाली सारवायचं न्हाई. शेण रानात जाईल. वाळवी लागायची न्हाई, म्हंजी नातवाला बी झाड पाडायची पाळी न्हाई."

निम्मा कळप विकून त्यानं दोन खोल्या उभ्या केल्या. खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट. उन्हाळ्यात टर उडवणारेच त्या गार फरशीवर येऊन पाठ टेकू लागले. दोघातिघांनी माळवदाचा बेत सोडला आणि ओढ्याकाठचे लिंब वाचले. धोंडीबाचं म्हणणं खरं होतं, आजही खरंच आहे.

बायको म्हाळसाबाई तेवढी म्हणाली होती, "चुलीम्होरं हातभर भुई ठेवा की वो."

"कामून? पुन्हा सारवायचं आलं," असं म्हणून त्यानं तोही कोपरा भरून टाकला.

चार वर्षांनी म्हाळसाबाई आजारी पडली. परभणीच्या डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. चुडाव्याहून लेक सुगंधा आली. बाहेर श्रावणाची झड लागली होती.

एका दुपारी म्हाळसाबाई बाजेवरून म्हणाली, "मला खाली घ्या. भुईवर."

आपल्याकडे माणसाला बाजेवर मरू देत नाहीत. सारवलेल्या भुईवर घेतात, तेव्हा जीव मोकळा होतो. सुगंधानं फरशीवर घोंगडं अंथरलं. म्हाळसाबाईनं मान हलवली.

"ही भुई न्हाई. शिमिट हाय."

"माय, रानातून पाटीभर माती आणू का?"

"आणलेली नगं. जलम समदा रानात काढला. मरताना घरची भुई पायजे."

धोंडीबा उठला आणि पहार घेऊन चुलीपुढं बसला.

पहिला घाव उसळून हाताला झिणझिण्या आणून गेला. फरशी त्यानं स्वतः पाणी मारून पक्की केली होती, ती काय अशी तशी फुटते? नुसत्या कपच्या उडाल्या. तो घावावर घाव घालत राहिला. बायकोकडं पाठ होती, डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तोंडानं तो स्वतःलाच शिव्या घालत होता. शेवटी भाकरीएवढा तुकडा निखळला. त्याखाली दगड निघाले, मग मुरूम. तो बोटांनी उकरायला लागला. नखं फुटली, तरी उकरत राहिला. आणि बोटाला ओल लागली.

"लागली! म्हाळसा, भुई लागली!" मूठ भरून तो वळला.

सुगंधा मायचं डोकं मांडीवर घेऊन तिचे डोळे मिटवत होती.

"कवा?" धोंडीबानं विचारलं.

"आत्ताच. लय येळ तुला हाका मारायली होती, बा. म्या बी दोनदा वरडले. पहारीच्या आवाजात तुला आयकू गेलं न्हाई."

"काय म्हनत होती?"

"ऱ्हाऊ द्या म्हनली. फोडू नगा. लय हौसेनं केलंय त्येनी, म्हनली."

मग बापलेकीनं मिळून तिला बाजेवरून उचललं आणि सिमेंटवर निजवलं.