गैरहजराच्या गळ्यात

वनस्पतिशास्त्र विभागाचं प्रमुखपद कुणालाच नको असायचं. वेळापत्रकावरून रुसवेफुगवे, वरून कुलगुरूंची बोलणी, खालून विद्यार्थ्यांची. मान तेवढा नावाला. म्हणून एक रीतच पडली होती: निवडीच्या सभेला जो हजर नसेल, त्याच्या गळ्यात पद घालून मोकळं व्हायचं. मागच्या खेपेला शेवाळावर संशोधन करणाऱ्या मॅडम दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. दात गेला तो गेलाच, वर हे पद आलं.

आज मुदत संपत होती आणि मॅडमच्या अंगात वारं शिरलं होतं. उद्यापासून पुन्हा आपलं शेवाळ, आपला सूक्ष्मदर्शक! तीन वर्षं तो फडक्याखाली पडून होता, आणि आठवण झाली की त्यांचा जीव तुटायचा. सकाळी त्यांनी नवऱ्याच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि त्याचं तोंड बघून स्वतःच खो खो हसत सुटल्या.

सभेला झाडून सगळे हजर. एकजण तापाने फणफणलेला, एकाचा पाय प्लास्टरमध्ये. पुढच्याच खुर्चीत नियमबुवा. विभागातले सगळ्यात ज्येष्ठ प्राध्यापक, आणि प्रमुखपद चुकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"सगळेच आलात! मग चिठ्ठ्या टाकू," मॅडम म्हणाल्या, पण त्यांना कुठला दम निघतोय! "आधी केक!" म्हणत त्या स्वतःच शेजारच्या खोलीत पळाल्या.

केक घेऊन परतल्या तर टाळ्यांचा कडकडाट.

"अभिनंदन, मॅडम!" नियमबुवा म्हणाले. "निवडीच्या वेळी तुम्हीच गैरहजर. रीत म्हणजे रीत."

शेवाळ गेलं पुन्हा खड्ड्यात! मॅडमचे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात त्यांची नजर केककडे गेली.

"बरं बाई," त्या सुस्कारा टाकत म्हणाल्या, "पण हा कापायला सुरी कुठाय?"

"मी आणतो की!" नियमबुवा टुणकन उठले. आज त्यांना कुठलंही काम गोड लागत होतं.

दार लागलं मात्र, मॅडमनी टेबलावर थाप मारली. "सभा संपवतो प्रमुख, आणि मी ती अजून संपवलेली नाही! चला, पुन्हा मतदान. इथे कोण हजर नाही?"

प्लास्टरवाल्याने दोन्ही हात वर केले. तापवाला तर उभाच राहिला.

नियमबुवा सुरी घेऊन आले तर तोच कडकडाट. त्यांनी एकेकाचं तोंड निरखलं, मग स्वतःच्या हातातली सुरी पाहिली, आणि मटकन खाली बसले.

"सभा संपली!" मॅडम ओरडल्या. "कापा सर, केक आता तुमचाच!"

तुकड्यासाठी त्या थांबल्याच नाहीत. धावत प्रयोगशाळेत गेल्या, फडकं ओढलं, भसकन धूळ उडाली, आणि शिंकत शिंकत त्या हसतच राहिल्या.