भरपूर पाण्याने धुवा

जुन्या भाषांतरांतून एकूण एकतीस वाक्यं निघाली. त्यातल्या अठरांमध्ये इंग्रजी 'प्लेन्टी'साठी डच 'फेल' वापरला होता, आठांमध्ये 'राउम', चारांमध्ये 'फोलोप' आणि एका वाक्यात 'खेनूख'.

सगळा कारभार डचमध्ये चालणाऱ्या त्या शहरात, भाषांतराच्या एका छोट्या ऑफिसात तिला सगळे रसायनवाली म्हणत, कारण रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती शब्दांच्या धंद्यात शिरली होती. आज तिला ऑफिसच्या शब्दसूचीत 'प्लेन्टी'ची नोंद करायची होती. मुख्य भाषांतरकारांच्या नजरेतून काही सुटत नाही असा लौकिक होता, म्हणून त्यांना चाळणीकाका म्हणत. त्यांनी सकाळीच बजावलं होतं की नोंद वाक्प्रचारांसकट हवी, नाहीतर लोक शब्दाला शब्द चिकटवून मोकळे होतात.

'फेल' म्हणजे खूप, 'राउम' म्हणजे ऐसपैस, 'फोलोप' म्हणजे मुबलक. तिन्ही एकाच घरची भावंडं. 'खेनूख' मात्र परक्या घरचा. पुरेसं, बस झालं, एवढंच तो सांगतो. वेळेच्या बाबतीत तो चालतो. इंग्रज जिथे भरपूर वेळ आहे म्हणतो, तिथे डच माणूस वेळ पुरेसा आहे म्हणतो आणि दोघांनाही गाडी मिळते. पण हे वाक्य वेळेचं नव्हतं. मूळ वाक्य होतं 'नळी भरपूर पाण्याने धुवा', आणि डचमध्ये त्याचं झालं होतं 'नळी पुरेशा पाण्याने धुवा'.

खाली भाषांतर करणाऱ्याची आद्याक्षरं होती. तिचीच. नोकरीचा पहिला महिना आणि कॉफीच्या यंत्राची पुस्तिका. वेळेचा तो वाक्प्रचार ती तेव्हा नुकताच शिकली होती आणि नव्या चपलांसारखा दिसेल तिथे मिरवत होती.

कॉफीवाल्याचं काय बिघडणार, म्हणून ती हसणारच होती. तेवढ्यात तिने बाजूचा रकाना पाहिला. वाक्य दोनदा वापरलं गेलं होतं. दुसऱ्यांदा तीन आठवड्यांपूर्वी, डायलिसिसच्या यंत्राच्या पुस्तिकेत.



ऑफिसचा संगणक प्रत्येक जुनं वाक्य लक्षात ठेवी. तेच वाक्य नव्या कामात आलं की जुनं भाषांतर आपणहून भरून टाकी आणि ती ओळ हिरवी करी. हिरव्या ओळी वाचायच्या नाहीत, असा नियम होता. एकदा चाळून झालेलं पुन्हा चाळत बसलं तर काम कधी संपणार? डायलिसिसची पुस्तिका तिनेच केली होती. चारशे बारा ओळी, त्यातल्या सत्तावन्न हिरव्या. त्या सत्तावन्नांवर तिने नजरही टाकली नव्हती.

आणि ते काम आलं होतं मावशीमुळे. मावशी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाई. केंद्रातला तंत्रज्ञ नव्या यंत्राची पुस्तिका इंग्रजीत आली म्हणून कुरकुरत होता, तेव्हा मावशीने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की आमच्या घरातच भाषांतरकार आहे.

यंत्र आतून स्वतःला धुऊन घेई. भिंतीतल्या नळापासून यंत्रापर्यंतची नळी मात्र दर सोमवारी क्लोरीनच्या द्रावणाने हाताने साफ करायची होती. त्या नळीत क्लोरीन उरलं, तर ते पाण्याबरोबर पुढे जाऊन रक्तात उतरणार आणि तांबड्या पेशी फुटणार. हे तिला पुस्तकात शोधावं लागलं नाही. आज यंत्र बसवल्यानंतरचा पहिला सोमवार होता. अकरा वाजून गेले होते, आणि मावशीची वेळ अकराची.

मावशीचा फोन वाजत राहिला. केंद्राचा सतत व्यस्त. ती चाळणीकाकांकडे गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले की ग्राहकाला रीतसर कळवायला हवं, दुपारपर्यंत मसुदा होईल. मग त्यांचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं.

“कोण आहे तिथे?”

“मावशी.”

“मग इथे काय उभी आहेस? पळ. फोन मी लावत बसतो.”

केंद्र चार गल्ल्या पलीकडे होतं. मधला रस्ता खणून ठेवलेला, म्हणून तिला शाळेच्या भिंतीला वळसा घालावा लागला. धावताना डोकं आपोआप हिशेब करू लागलं. द्रावण लिटरला पाचशे मिलिग्रॅमचं. प्रत्येक धुण्यात दहावा भाग मागे उरतो असं धरलं, तर एकदा धुतल्यावर पन्नास, दोनदा पाच, तीनदा अर्धा. चालतं फक्त ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे चार वेळा. माणसाला पुरेसं कधी वाटतं? दोनदा? तीनदा? तिने हिशेब थांबवायचा प्रयत्न केला. तो काही थांबेना.

जिना चढून ती आत शिरली तेव्हा मावशी खुर्चीत होती, दंडाखाली उशी, आणि नळ्यांमधून रक्त फिरत होतं.

“अगं, धापा काय टाकतेस? वाघ लागलाय का मागे?”

तंत्रज्ञ शेजारच्या यंत्रापाशी वाकलेला होता. नळी किती वेळा धुतली, असं तिने विचारलं.

“पुस्तकात लिहिलंय तशीच, ताई. पुरेशा पाण्याने. वास जाईपर्यंत.”

“आणि पाण्याची चाचणी?”

“सकाळीच केली. भिंतीतल्या नळाशी, नळी जोडायच्या आधी.”

“पुस्तकात चूक आहे,” ती म्हणाली. “माझी. तिथे भरपूर पाणी हवं होतं.”

त्याने एक बटण दाबलं. मावशीचं रक्त धुणारं पाणी बाजूला वळलं, आणि यंत्र बारीक आवाजात कुरकुरू लागलं. नळीच्या टोकाशी कुपी धरून त्याने नमुना घेतला.

“किती वेळ झाला सुरू करून?”

“नऊ मिनिटं.”

मावशीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. काय घोळ घातलाय, म्हणाली, आणि मग जरा हळू आवाजात म्हणाली की डोकं दुखतंय.

“सकाळपासून की आत्तापासून?”

मावशीने विचार केला. “तू विचारेपर्यंत सांगता आलं असतं,” ती म्हणाली. “आता नाही सांगता येत.”

तंत्रज्ञाने कुपीत पूड टाकली आणि ती हलवली. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होणार होतं. नेमकं किती, ते मोजायला मीटरला तीन मिनिटं लागणार होती. तिने मावशीचा मोकळा हात धरला आणि त्या हाताची नखं पाहत राहिली, कारण कुपीकडे पाहणं तिला जमेना. हात गार होता. तो नेहमीच गार असायचा की नाही, हे तिला आठवेना. मीटरमध्ये ठेवण्याआधी तंत्रज्ञाने कुपी उजेडासमोर धरली. पाण्यात रंग होता. एकदम फिका, पण होता.

मीटर वाजला. पडद्यावर आकडा उमटला: दर लिटरला ०.०९ मिलिग्रॅम. चालणाऱ्या ०.१ च्या जेमतेम आत, पण नऊ मिनिटांपूर्वी तो किती होता हे मीटर सांगणार नव्हता.