जोडणाऱ्याचा गळा

दाढी नाही म्हणून मला वस्तऱ्याची मूठ जोडता येणार नाही, ही अक्कल आमच्या काकांची. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. आयुष्यात कधी कानस हातात धरली नाही, पण आमच्या वस्तरे-दुरुस्तीच्या दुकानात खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकायला सांगा, दिवसभर हाकतील.

त्यांचा डोळा होता बाबांच्या बाकावर. बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून तिथं मी बसते, आणि काकांना त्यांचे जावई बसवायचे होते. आयत्या बिळावर नागोबा! त्यासाठी त्यांना आमच्या धंद्यातली रीत सापडली. जुन्या वस्तऱ्याची शिंगाची मूठ जोडली, की जोडणाऱ्यानं तो वस्तरा मालकासमोर आधी स्वतःच्या गळ्यावरून फिरवायचा आणि मगच परत द्यायचा. जबड्याखाली मनगट वळतं, सगळा भार पातं धरणाऱ्या मुठीच्या खिळ्यावर येतो, आणि जोड कच्चा असेल तर तिथंच कळतो. रीत चोख आहे, माझी काही तक्रार नाही. इतके दिवस जोडायचे मी आणि, दुकान बाबांचं म्हणून, गळा असायचा बाबांचा. पण आता थरथर इतकी वाढलीय, की त्यांना पाण्याचा पेलासुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागतो.

त्या सकाळी सलूनवाले आजोबा त्यांचा वस्तरा न्यायला येणार होते. वस्तरा त्यांच्या वडिलांचा, मुठीच्या दोन पट्ट्यांपैकी एक खिळ्यापासून उभी चिरलेली. बाकीचे सगळे सलूनवाले या आजोबांच्या शब्दाबाहेर नाहीत. त्यांनी माझ्या हातून वस्तरा घेतला तर बाक माझा, नाही घेतला तर जावईबापूंचा. इतका सरळ मामला.

काम मी जीव ओतून केलं होतं. जुनं शिंग वर्षानुवर्षं तेल पितं, आणि तेलकट शिंगाला सरस धरत नाही. म्हणून भेग स्पिरिटनं धुवायची, सुकवायची, परत धुवायची. मग त्याच शिंगाचा कानशीनं काढलेला भुगा सरसात कालवून भेगेत भरायचा, आणि वरून चाप लावायचा तो हलक्या हातानं. नवशिके इथंच माती खातात. जोर लावून आवळतात, सरस सगळा बाहेर येतो आणि भेग कोरडी ती कोरडीच. मी शिकत होते तेव्हा बाबा म्हणायचे, "अगं, चाप आहे तो, कुणाची मानगूट नाही."

आजोबा आले. वस्तरा उघडला, मिटला. पातं दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मध्ये बसलं, कुठं घासलं नाही. त्यांनी भेगेवरून नख फिरवलं, नख अडकलं नाही. मला वाटलं, जिंकलं!

"आणि रीत?" काका खुर्चीतून म्हणाले. "ही फिरवणार कुठं? दाढी आहे का हिला?" आणि स्वतःच्याच विनोदावर स्वतःच हसले.

आजोबा घुटमळले. "पोरी, काम नामी झालंय. पण रीत मोडून मी वस्तरा नेला, तर बाकीचे मला जाब विचारतील गं."

"मी फिरवतो," बाबा म्हणाले. आणि खरंच उठून त्यांनी वस्तरा उचलला. पातं त्यांच्या हनुवटीपाशी थरथरत होतं. पुढं होऊन मी त्यांचं मनगट धरलं आणि वस्तरा काढून घेतला.

"बाबा, जोड कुणाचा?"

"तुझा."

"मग तुमचा गळा कशाला मध्ये?"

मी साबणाचा फेस केला आणि माझ्याच गळ्याला फासला.

"वेडबीड लागलंय का हिला?" काका म्हणाले. "दाढीच नाही तर काढणार काय, कप्पाळ?"

"काका, रीत गळ्याची आहे, दाढीची नाही. आणि गळा मला देवानं तुमच्याइतकाच दिलाय."

"ठेव ते खाली!" बाबा ओरडले. त्यांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला आणि बरं केलं. भीती वाटली का? वाटली ना! पण राग त्याहून मोठा होता. आरशासमोर मान वर केली, जबड्याखाली मनगट वळवलं, मुद्दाम भार दिला. मूठ तसूभर हलली नाही. दुसऱ्या बाजूला वळले तोच काका किंचाळले, "अरे बाप रे!" मी दचकले. कानाखाली चुरचुरलं आणि फेसात लाल रेघ उमटली.

"रक्त! बघा, रक्त!" काका ताडकन उभे राहिले. "मूठ सुटली! मी म्हटलं नव्हतं?"

मी वस्तरा पुसून आजोबांच्या हातात दिला. "तुम्हीच बघा."

त्यांनी मूठ पिळून पाहिली, खिळा अंगठ्यानं दाबला, भेग खिडकीच्या उजेडात धरली.

"जोड जिथल्या तिथं आहे," ते म्हणाले. "रक्त धारेनं आलंय." मग काकांकडे वळले. "आणि तुझ्या बोंबलण्यानं." वस्तरा खिशात घालून ते दारापर्यंत गेले. "पोरी, बाकीच्यांनाही इकडेच पाठवतो."

बाबा मटकन खाली बसले आणि रडायला लागले. काकांनी मात्र अजून हार मानली नव्हती. "पण मी जावयांना शब्द दिलाय. त्याचं काय?"

मी फेसही पुसला नाही आणि रक्तही पुसलं नाही. तशीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"पाठवा की जावईबापूंना. शिकवीन मी. फक्त पहिला जोड झाला, की गळा स्वतःचा आणा म्हणावं. सासऱ्यांचा चालणार नाही."